पाचवा टोला

"हुकली," वॉल्टर म्हणाला.

त्याला दिसत नव्हतं. दोनशे यार्डांवर टांगलेली लोखंडी ताटली वाजली नाही, एवढं त्याला पुरे होतं. श्रीरंगने रायफलच्या नळीत सळई घालून बाहेर काढली. तिला डांबरासारखा काळा थर चिकटला होता. पहिल्या दोन गोळ्या ठणकन लागल्या, तिसरी मातीत. महिनाभर हेच चाललं होतं.

रायफल वॉल्टरच्या आजोबांची. बंदुकीची काळी दारू भरलेल्या काडतुसांनी, मध्ये नळी न पुसता, ताटलीवर लागोपाठ पाच टोले काढले असं म्हातारा मरेपर्यंत सांगत राहिला आणि गाव हसत राहिलं. आता वॉल्टरचे डोळे गेले होते, आणि सोमवारी मुलगी त्याला ओहायोला नेणार होती. त्याआधी आजोबा थापाडे नव्हते, हे त्याला कानांनी ऐकायचं होतं. शेजारच्या श्रीरंगने उत्साहाच्या भरात शब्द देऊन टाकला होता.

शब्द द्यायला वेळही होता म्हणा. तेलाचे भाव कोसळले आणि मार्चमध्ये कंपनीने एकोणीस वर्षांच्या नोकरीचा निकाल एका पाकिटात लावला. तिथल्या लॅबमध्ये श्रीरंग ग्रीस बनवायचा. इथे त्याने दारूचं माप बदललं, काडतुसांच्या जुन्या पितळी पुंगळ्या तीनदा घासल्या. शिशाच्या गोळीला लावायच्या ग्रीसवर मात्र संशय घेतला नाही. घरच्या माणसावर कोण घेतो?

दुपारी गॅरेजमध्ये त्याची बायको नंदा चहा घेऊन आली. तिने सळईवरचा थर नखाने खरवडला.

"अहो, ही काजळीच ना?"

"दारूची. ग्रीसमध्ये मिसळूनही कडक होते, मग गोळी भरकटते."

"मग ग्रीस कशाला? काजळ तुपात खलतात. आपली दीपा तान्ही असताना तिचं मी तुपातच करायचे, वर्षभर मऊ राहायचं."

"अगं, नाइन्टीन इयर्स काढलीत मी ग्रीसमध्ये!"

"काढलीत ना? आता तूप ट्राय करा."

श्रीरंगला ते फार लागलं. दुसऱ्यांदा नोकरी गेल्यासारखा तो स्टुलावर बसून राहिला. चहा गार झाला. मग म्हणाला, "बरणी आण."

"साजूक तूप आणि बंदुकीला! सासूबाई असत्या तर..." असं पुटपुटत नंदाने वाटीभर तूप आणून दिलं. टेक्ससच्या उन्हात ते टिकेना, म्हणून त्याने त्यात मधमाश्यांचं मेण कढवलं आणि ग्रीसऐवजी ते गोळ्यांना लावलं.

रविवारी सकाळी पहिला बार उडाला. पांढरा धूर पसरला, गंधकाच्या वासात तूप कढल्याचा वास मिसळला. ताटली वाजली. खुर्चीत बसलेल्या वॉल्टरने उजव्या हाताची करंगळी मिटली.

दुसरा टोला. तिसरा. चौथा.

वॉल्टरचा अंगठा तेवढा उघडा राहिला.

सळई शेजारीच होती. नळी एकदा पुसून घेतली असती तर वॉल्टरला दिसलं नसतं. श्रीरंगने सळईकडे पाहिलं, मग पायाने ती गवतात लांब सरकवली आणि पाचवं काडतूस भरलं.

ताटली वाजली. बराच वेळ वाजत राहिली.

वॉल्टरने अंगठाही मिटला. श्रीरंगने त्याला पिकअपमधून घरी आणलं. दारात श्रीरंगने निरोपासाठी हात पुढे केला आणि वॉल्टरच्या उजव्या मनगटाला लावला. वॉल्टरने चाचपडत डावा हात दिला.

उजवी मूठ अजून मिटलेलीच होती.