डावखुरी

दर वर्षी पंधरा जानेवारीला मी सुट्टी टाकतो. कामावरच्यांना वाटतं, पोरीचा वाढदिवस असेल. खरं तर त्या दिवशी अमेरिकेतले बेसबॉल संघ परदेशातल्या सोळा-सोळा वर्षांच्या पोरांना करारावर घ्यायला सुरुवात करतात, आणि मी इथे बहरीनला, गुदैबियातल्या खोलीत फोन घेऊन नावं वाचत बसतो. कोणी डोमिनिकन, कोणी व्हेनेझुएलाचा, एखादा पनामाचा. कोण किती उंच, कोणाचा हात कसा, सगळं मला पाठ असतं.

हे खूळ लावलं एका अमेरिकन इंजिनिअरने. मी कंपनीचा ड्रायव्हर. त्याला रोज सकाळी हूऱ्यातल्या हॉटेलातून मीना सलमान बंदरावरच्या यार्डात न्यायचो. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे त्याच्या फोनवर मॅच चालूच असायची. तो गेला, खूळ राहिलं.

त्याचा जो संघ तोच माझा झाला, पण या आमच्या संघाचं मला पटत नाही. तिशी ओलांडलेले, दुसऱ्यांनी वापरून थकवलेले खेळाडू आणतात आणि त्यांच्या बदल्यात होतकरू पोरं देऊन टाकतात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. पण पाळण्यापर्यंत जायला नको? भारतात तर कुणी फिरकतच नाही. बाउंड्रीवरून थेट स्टंप उडवणारी पोरं आमच्या लांज्यात वाडीवाडीला आहेत! त्यातून डावखुरा म्हणजे सोनं. चेंडू सवयीच्या नसलेल्या बाजूने येतो आणि फलंदाज गांगरतो. असा एक हात सापडावा म्हणून हे लोक बेटाबेटांवर फिरतात.

हे कळलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवला. माझी मनाली डावखुरी होती.

ती चार वर्षांची असताना मी चाळीस दिवसांच्या रजेवर गेलो होतो. पोरगी डाव्या हाताने जेवायची, प्रसादाला डावा हात पुढे करायची. लोक हसतील म्हणून मी चाळीस दिवस तिच्या ताटासमोर बसलो. डावा हात पुढे आला की चापट. परत निघालो तेव्हा ती उजव्याने जेवत होती, आणि बाप म्हणून काहीतरी केल्याचं समाधान घेऊन मी विमानात बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

यंदा दहावीची परीक्षा झाल्यावर मायलेकी महिन्याच्या व्हिजिट व्हिसावर आल्या. परक्या पोरांची वजनं तोंडपाठ असलेल्या मला मनालीच्या चपलेचा नंबर विचारावा लागला. तिच्याशी बोलावं काय, तेच सुचेना. शेवटी जुन्या सामानाच्या दुकानातून डावखुऱ्यांचा बेसबॉलचा ग्लोव्ह आणला. मला तिला कुठला करारबिरार मिळवून द्यायचा नव्हता. तो हात अजून जिवंत आहे का, एवढंच एकदा बघायचं होतं.

शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही दोघंच मैदानावर गेलो. तिने ग्लोव्ह डाव्या हातात घालून बघितला. बसेना.

"उजव्यात घाल," मी म्हणालो. "त्यानं झेलायचं आणि बॉल डाव्यानं टाकायचा."

पहिला तिच्या पायाशीच पडला. दुसरा माझ्यापर्यंत घरंगळत आला. असे आठ-दहा झाले. मग एक आला, सरळ, माझ्या छातीवर, आणि मला भरून आलं.

"मी लहानपणी डावरीच होते, बाबा," ती धापा टाकत म्हणाली. "आई सांगते. आजीनं मारून मारून मोडवलं."

आजी म्हणजे माझी आई. पोरीला मारतो म्हणून त्या रजेत तिने माझ्याशी अबोला धरला होता. बायकोने खोटं सांगितलं होतं. दोन वर्षांनी एकदा घरी येणाऱ्या बापावर पोरीने राग धरू नये, म्हणून.

"लय राग यायचा मला आजीचा," मनाली म्हणाली. "ती गेली तेव्हा मी रडलेसुदा नाय."

गप्प बसलो असतो, तर तिच्या मुक्कामाचे उरलेले अकरा दिवस हसतखेळत गेले असते. मला ते हवे होते, फार हवे होते. पण माझ्या बिचाऱ्या आईने काय केलं होतं?

"आजी नव्हती ती," मी म्हणालो. "मी होतो. मी मारलं तुला."

मनाली हसली. मी आजीला पाठीशी घालतोय, असंच तिला वाटलं.

"कायतरीच काय, बाबा," ती म्हणाली. "तुमी कुठं होता तिथं? तुमी तर बहरीनला होता."