हा काट्याला दाखवू नकोस

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. घड्याळासारखी गोल तबकडी, खाली तीन साखळ्यांवर लटकलेले पारडे आणि डोक्यावर लोखंडी आकडा. आकडा माझ्या नशिबातच होता म्हणा ना! एका आकड्यावर मला टांगायचे आणि दुसरा माझ्याकडून वाचून घ्यायचा, यातच माझा जन्म गेला.

सामोआतल्या एका बेटावर मी बोटीतून उतरलो, तेव्हा माझे भाऊबंद कोणी मासळीच्या दुकानात गेले, कोणी खोबऱ्याच्या वखारीत. माझी रवानगी झाली सरकारच्या आकडेवारीच्या कचेरीत. मी अगदी हिरमुसलो. जिथे नुसते कागद फडफडतात, तिथे वजनकाट्याला कोण विचारणार?

पण मला फुआतिनो भेटली. बाजारात हिंडून भाव टिपून आणणे हे तिचे काम. रुंद खांद्यांची, गडगडाटी हसणारी बाई. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने मला गंज चढू नये, म्हणून ती रोज फडक्याला खोबरेल लावून मला पुसायची. तिच्या त्या हाताची आठवण आली, की अजून माझी स्प्रिंग सैलावते.

दर शुक्रवारी आम्ही बाजारात जायचो. पहिला मुक्काम मातालेनाच्या फळीपाशी. मातालेना तालोचे, म्हणजे अळकुडीच्या जातीचे, कंद विकायची आणि तिची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार होती. मला पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ती म्हणाली, "अगं, भाव विचारायचा आणि जायचं. हे लोढणं कशाला गळ्यात घालून फिरतेस?"

"मावशी, सरकारची एक टोपली आहे," फुआतिनो म्हणाली. "तालो, मासे, पाव, रॉकेल, बसचं भाडं, आपल्याला लागतं ते सगळं तिच्यात. दर महिन्याला तीच टोपली भरायला किती पैसे पडले, ते आम्ही बघतो. त्यालाच म्हणतात महागाईचा निर्देशांक."

"कुठाय ती टोपली?"

"कागदावर."

"कागदावरच्या टोपलीतलं कोण खाणार गं? उंदीर?"

सगळा बाजार हसला. पण फुआतिनोचे म्हणणे खरे होते. आमच्या बाजारात किलोचा हिशेब नाही, वाट्याचा आहे. फळीवर तालोचे वाटे मांडलेले असतात आणि एका वाट्याचे इतके ताला, असा भाव ठरलेला असतो. ताला हे आमच्याकडचे नाणे. आता गंमत अशी, की ओळखीच्या गिऱ्हाइकाला चढा भाव सांगताना बायकांची जीभ रेटत नाही. मग भाव तिथेच बसून राहतो आणि वाटा हळूच बारीक होतो. ही चोरवाट पकडायला माझी नेमणूक होती. फुआतिनो कचेरीच्या पैशाने वाटा विकत घ्यायची आणि तो माझ्या पारड्यात टाकायची. कचेरीतले साहेबसुद्धा म्हणायचे, "भाव गप्प बसतो तेव्हा आपला काटा बोलतो." हे ऐकून मी किती फुशारलो असेन, याची कल्पना करा.

मग एका वर्षी पाऊस रुसला. तालोची पाने करपली, कंद आवळ्याएवढे निघू लागले. तरीही माझी सुई दर शुक्रवारी जुन्याच जागी येऊन थांबायची. मी मनात म्हणायचो, वा! आपल्या बाजाराला दुष्काळ शिवलाच नाही.

मातालेनाची लेक एसेता पावाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होती. कचेरीचा महागाईचा आकडा चढला, की पगार तेवढा चढवायचा, असा तिथे मालकाशी करार होता. त्या वर्षीचा आकडा जाहीर झाला आणि एसेता तडक बाजारात आली. घामाने निथळत होती, पिठाने पांढरी झाली होती.

"फुआतिनो, तालो महागला नाही म्हणतेस? मग आमच्या घरी एका वाट्यात दोन जेवणं व्हायची, ती आता एकावर का आली? माझा धाकटा रात्री नुसता चहा पिऊन झोपतो. पगार वाढेल म्हणून मी त्याची शाळेची फी उधार ठेवलीय!"

"एसेता, मी स्वतः तोलते गं," फुआतिनो म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

तेवढ्यात उएलेसे नावाचा एक म्हातारा गिऱ्हाईक मातालेनाकडून वाटा घेऊन निघाला. फुआतिनोने त्याला थांबवले आणि त्याचा वाटा माझ्या पारड्यात टाकला. मित्रांनो, माझी सुई अर्ध्या वाटेवरच थांबली. मग तिने स्वतःचा वाटा टाकला. सुई झपकन नेहमीच्या जागी! भाव दोघांना एकच होता.

"मावशी," फुआतिनो हळूच म्हणाली, "तुम्ही माझ्या वाट्यात वर टाकता?"

"टाकते तर! उन्हातान्हात फिरतेस, तुला काय ही चिमुकली पिल्लं देऊ? मला लाज नाही वाटायची?"

शेजारच्या फळ्यांवरच्या बायकांनी माना खाली घातल्या. सगळ्याच टाकत होत्या. सुगीत त्याची गरज नव्हती. दुष्काळात मात्र फुआतिनोला मरतुकडा वाटा द्यायला कोणाचा हात धजेना. त्या झुकत्या मापाने माझी सरळ सुई खोटी पडली. तालोचा त्या टोपलीत मोठा वाटा, त्यामुळे सगळा आकडाच चढायचा राहिला.

"मावशी, पुढच्या खेपेपासून मला परकी समजा," फुआतिनो म्हणाली.

मातालेना ताडकन उठली. "परकी? तुझी आई गेली तेव्हा तिच्या मयताला मी घरातली ठेवणीतली चटई मान म्हणून आणली, आणि आज तू परकी?"

"आई, तुझ्या त्या एका तालोनं माझा पगार खाल्ला!" एसेता ओरडली आणि तिला रडू फुटले.

मातालेना खाली बसली. तिने लेकीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग फळीवरचे वाटे उगाच सारखे करू लागली.

पुढच्या शुक्रवारी तिने सगळ्यांसारखाच एक वाटा उचलला, तोंड फिरवले आणि माझ्या पारड्यात ठेवला. सुई मधेच थांबली. फुआतिनोने आकडा टिपला, मला उतरवून पिशवीत घातले आणि वाटा घेऊन वळली. तोच एक गलेलठ्ठ तालो धप्पकन तिच्या दुसऱ्या पिशवीत पडला.

"हा काट्याला दाखवू नकोस," मातालेना म्हणाली.

फुआतिनो असे हसली, की बाजारातली कुत्री भुंकू लागली. बाकीच्या बायकांनीही तीच रीत धरली: आधी वजन, मग माया. पुढचा आकडा खरा निघाला. एसेताचा पगार वाढला आणि धाकट्याची फी भरली गेली. त्या रविवारी त्यांच्या चुलीवर नारळाच्या दुधातला तालो सगळ्यांना पुरून उरला, असे फुआतिनो मला पुसता पुसता सांगत होती.

आता कचेरीत बॅटरीवर चालणारा नवा काटा आला आहे. मला अखेर गंज चढलाच. माझी सुई अडखळते, आहे त्यापेक्षा कमी दाखवते. फुआतिनोने मला भंगारात टाकले नाही, हे तिचे उपकार. मातालेनाने मला आपल्या फळीच्या खांबाला टांगले आहे. तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने माप असेल, तर त्याला अधूनमधून तेलाचे बोट लावा. आणि मोजायचे असेल तेव्हा मोजा, द्यायचे असेल तेव्हा द्या. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

फुआतिनो अजून दर शुक्रवारी येते. नव्या काट्यावर वाटा तोलते, आकडा टिपते. मग मातालेना फळीखालून तो एक तालो काढते, पण लगेच पिशवीत टाकत नाही. "थांब, आधी या म्हाताऱ्या काट्याला दाखवू दे," म्हणते आणि माझ्या पारड्यात ठेवते. इतकी वर्षे जो मला कधी दाखवला नाही, त्याचे वजन मी आता तोलतो. सुई थरथरत सरकते आणि कुठेतरी थांबते. कुठे, ते कोणी लिहून घेत नाही.