दादाच्या खुणेवाचून

वीस वर्षं रेकॉर्डिंग करतोय, पण गाणाऱ्यांचं तोंडावर कौतुक करत नाही. लगेच डोक्यावर चढून बसतात. धाकटीची गोष्ट मात्र वेगळी.

धाकटी म्हणजे तीन भावंडांच्या बँडमधलं शेंडेफळ. बारा वर्षं तिघं एकत्र गायली. मग मधला परदेशी गेला, दादाने दुकान टाकलं आणि बँड मोडला. हिने एकटीचा अल्बम करायला घेतला. आवाज खणखणीत, पण प्रत्येक गाणं किंचित उशिरा उचलायची. तीन दिवस डोकं खाजवलं, तेव्हा कुठे मला कारण कळलं. बँडमध्ये दादा मान हलवायचा, मग ही तोंड उघडायची. आता काचेपलीकडे मी होतो. मीही मान हलवून पाहिली, पण माझी मान हिला चालेना.

"आज नाही जमलं तर दादालाच बोलावते," ती म्हणाली. "आणि मग अल्बमवर नाव बँडचंच घालू. त्याच्याशिवाय येत नाही, तर एकटीचं कशाला मिरवू?"

"घाल की! शेजारपाजाऱ्यांचंही घाल," मी भडकलो.

दुपारपर्यंत ती अकरा वेळा गायली आणि अकराही वेळा चुकली. शेवटी दादा आला. दुकानाच्या किल्ल्या टेबलावर ठेवून माझ्या शेजारी बसला, हनुवटी वर करून अगदी तयार. गेला हिचा अल्बम, मी मनात म्हटलं.

ती आतून त्याच्याकडे बघत राहिली. मग गाण्याचे कागद ठेवायचं स्टँड उचलून तिने भिंतीकडे वळवलं आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"दादा, तू नुसतं ऐक," स्पीकरमधून तिचा आवाज आला.

वाद्यं सुरू झाली. आणि तिने बरोबर ठोक्यावर गाणं उचललं! न अडखळता शेवटपर्यंत गायली. बारा वर्षांची सवय अशी पाठीमागे टाकायला छाती लागते. माझ्यात ती नाही, हे कबूल करतो.

घाम पुसत ती बाहेर आली. "दादा, नाव कुणाचं घालू?"

"तुझंच." दादाने टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या. "बारा वर्षं उगाच थांबवून ठेवलं गं तुला."