खोटी खाज

शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या त्या बाईंना सून कधी पसंतच पडली नाही. मुलानं परस्पर लग्न ठरवलं, एवढंच कारण. बाकी सुनेत खोड काढायला जागा नव्हती, तरी बाई शोधून काढत. तिनं घातलेली तुरपाई तिच्यादेखत उसवत आणि स्वतः पुन्हा घालत. मग बाईंचं यकृत निकामी झालं. मुलाचा रक्तगट जुळेना, सुनेचा जुळला. तिनं आपल्या यकृताचा तुकडा दिला आणि बाई वाचल्या. शुद्धीवर आल्यावर शेजारच्या खाटेवरच्या सुनेला पहिलं काय विचारावं? "दुकानाला कुलूप नीट लावलंस ना?"

पुढे गोळ्या सुरू झाल्या. परक्या अवयवावर शरीर तुटून पडतं, त्याला आवरून धरणाऱ्या गोळ्या. सून रोज तळहातावर गोळी ठेवी आणि ती गिळेपर्यंत समोरून हलत नसे. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" बाई फणकारत. मुलाला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी चालून आली होती, पण या गोळ्यांपायी दोघं इथंच अडकली, असं बाई धरून चालल्या होत्या.

काही वर्षांनी डॉक्टर म्हणाल्या, "यकृताचा स्वभाव निराळा असतो. ते पहारा देणाऱ्या पेशींना हळूहळू शांत करतं. सगळ्यांच्या शरीराला ते जमत नाही, तुमच्या शरीराला जमलेलं दिसतंय. रक्त तपासत तपासत गोळी कमी करू. मनानं मात्र काही सोडायचं नाही, आणि खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच यायचं."

गोळी अर्धी झाली, मग एक दिवसाआड, मग बंद. रक्त दर वेळी चांगलंच निघालं. मुलानं आता दुसऱ्या शहरातली नवी नोकरी धरली आणि घरात खोकी आली. बाईंच्या शरीरानं सुनेला कधीच आपलं म्हटलं होतं, पण "राहा गं" एवढं म्हणायला जीभ उचलेना. या जिभेचा बाईंना स्वतःलाच संताप आला.

खोकी टेम्पोत चढत होती तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "मला खाज सुटलीये. डोळेही पिवळे झालेत बहुतेक."

सुनेनं हातातलं खोकं तिथंच टाकलं. बाईंचा चेहरा खिडकीकडे वळवून डोळे पाहिले, नवऱ्याला "तुम्ही सामान घेऊन व्हा पुढे" म्हणाली आणि बाईंना दवाखान्यात नेलं. रक्ताचा निकाल येईपर्यंत तिनं त्यांचा हात सोडला नाही. बाईंना दवाखान्याच्या त्या बाकावरून उठूच नये असं वाटलं.

निकाल स्वच्छ होता. "खाज कुठे येते?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता थांबली," बाई पुटपुटल्या.

दवाखान्याच्या जिन्यात सून म्हणाली, "खाज नव्हतीच ना, आई?"

बाई कठडा धरून एक पायरी खाली उतरल्या.

"थांब म्हणायचं होतंत. इतकी वर्षं मी तेवढ्याचीच वाट बघत होते."

"गोळ्यांसाठी नव्हतीस थांबली?"

"गोळ्या काय, शेजारणीनंही दिल्या असत्या."

"मग थांब ना आता," बाई म्हणाल्या. म्हणता म्हणता रडू फुटलं.

"आता कशी थांबू, आई? टेम्पो गेला. हे तिकडे पोचतील, उद्यापासून यांची नोकरी सुरू."

तिनं टॅक्सी बोलावली. बाईंना घरापाशी आतूनच हात देऊन उतरवलं, डोळे पुसायला आपला रुमाल दिला. स्वतः मात्र उतरली नाही. टॅक्सी तशीच पुढे स्टेशनाकडे गेली.