कडेची हातभर वाट

काटा पंचाण्णव अंशांवर टेकताच सुन्नीवाने झडप उघडली. ट्रकच्या मागून वाळू आणि कढत पाणी चढावावरच्या बर्फावर पडू लागलं. वाफेने ट्रक दिसेनासा झाला. कोरडी वाळू फ्योर्डवरच्या, डोंगरांमधल्या खाडीवरच्या वाऱ्याने तासाभरात उडून जाते. ही बर्फात किंचित रुतायची आणि पाणी गोठलं की तिथेच चिकटून बसायची. निदान सुन्नीवाच्या शेडमध्ये तरी.

रस्तेखात्याचा आर्नफिन वही घेऊन उभा होता. तो हो म्हणाला तर सुन्नीवाने ट्रकवर बसवलेलं हे यंत्र हिवाळाभर इथे चालणार. नाहीतर परत शेडमध्ये.

तेवढ्यात गुडलाउगआत्या आली. वय एक्याऐंशी. पुढे तिची घसरखुर्ची: खाली दोन लांब पोलादी पट्ट्या, मागे उभं राहून एका पायाने रेटायची. खुर्चीत वॅफलचा डबा.

"झालं वाटोळं करून? वाळूवर ही घसरते का कधी? दुकानात आता उडत जाऊ का मी?"

"आत्या, गेल्या वर्षी इथेच शाळेची बस आडवी झाली होती."

"बसचं बघितलंस. माझं कोण बघणार?"

बस आली. चढावाच्या मधोमध थांबली, पुन्हा निघाली. चाक तसूभरही घसरलं नाही. सुन्नीवाने रोखलेला श्वास सोडला.

आर्नफिन मात्र उजव्या कडेला वाकला होता.

"हे काय?"

कडेने हातभर रुंदीची पट्टी तळापर्यंत कोरी, चकचकीत राहिली होती. सुन्नीवाचे कान तापले. सगळ्या नळ्यांना तिने विजेने तापणारी तार गुंडाळली होती, कडेची शेवटची तोटी सोडून.

"तोटी गोठली. माझीच चूक. उद्या..."

सर्रकन आवाज आला. दोन्ही पाय पट्ट्यांवर टाकून आत्या त्या कोऱ्या कडेवरून खाली निघाली होती. मफलर मागे फडफडत होता.

"वॅफल गार होतायत, या लवकर!" ती खालून ओरडली.

ती टपालपेट्यांपाशी थांबेपर्यंत आर्नफिन बघत राहिला. मग त्याने वहीत सही केली.

"माझ्या आईकडेही आहे असली खुर्ची," तो म्हणाला. "रस्त्यावर वाळू टाकतात, म्हणून गेली दोन वर्षं भिंतीला टेकून."

"आणि तोटीचं?"

"तोटी दुरुस्त हवीच." तो उतारावरून जपून निघाला. "चला, वॅफल."

दुपारी सुन्नीवाने तोटीला तार गुंडाळली, पाणी सोडून पाहिलं. धार सरळ आली. मग तोटीच्या मुळाशी तिने एक छोटी चावी बसवली, आणि ती फिरवून कडेची धार बंद केली.