शास्त्रात खुपसलेली सुई

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. कपडे शिवायची नव्हे, लोकर विणायची. कारखान्यात तार कापून, घासून, टोक काढून आम्हा दोघी जुळ्या बहिणींना एकाच कागदात गुंडाळलं होतं. आता मी दमले आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

आम्हाला एका बाईंनी विकत घेतलं. त्या घरी बसून लोकांचे स्वेटर विणत. सुलट, उलट, सुलट, उलट. बारा वर्षं आम्हाला उसंत नव्हती. गिऱ्हाइकं बाहीवरून हात फिरवून म्हणत, "बाई, हात कसला साफ आहे तुमचा." आम्ही दोघी मनातल्या मनात फुशारून जायचो.

एका सकाळी यजमान म्हणाले, "अंगात कणकण आहे, रजा टाकू का?" बाईंचं लक्ष टाक्यांकडे होतं. "जाऊन या हो, कामात बरं वाटेल," त्या म्हणाल्या. यजमान छापखान्यात गेले आणि यंत्राशेजारीच कोसळले. ते परत आले नाहीत. त्याच आठवड्यात माझी बहीण खुर्चीच्या पायाखाली येऊन वाकली. एकट्या सुईने विणता येत नाही, आणि बाईंनाही विणवत नव्हतं.

तेव्हापासून माझ्या गळ्यात भलतंच काम पडलं. बाई डोळे मिटून पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, जाडजूड ग्रंथात मला खुपसायच्या. माझं टोक जिथे लागेल ती ओळ म्हणजे देवाचा निर्णय. शेगडी बदलू का, मुलाचं लग्न ठरवू का, पाहुण्यांना बोलावू का. काहीही असो, आण सुई. "एकदा स्वतःच्या मनाने बोलले, त्याचं काय झालं ते पाहिलंय," असं त्या म्हणत. लोक त्याला श्रद्धा म्हणायचे. मला मात्र त्यांच्या बोटांची थरथर कळायची. ती भीती होती. शेगडीच्या प्रश्नाला कुणाच्या तरी उंटांची यादी निघायची, आणि बाई तासभर तिचा अर्थ लावत बसायच्या. मी आपली धातूची काडी, मला काय कळतंय?

मग बाईंना काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभरात शस्त्रक्रिया करून घ्या. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवता येते."

बाईंनी मला हातात घेतलं. रोज सकाळी एकच प्रश्न, शस्त्रक्रिया करू का. कधी वंशावळ निघाली, कधी तंबूच्या पडद्यांची मापं. असे तीन आठवडे गेले. अक्षरं दिसेनाशी झाली तेव्हा सून वाचून दाखवू लागली.

"परत पडद्यांची मापंच आलीत, आई," ती एकदा म्हणाली आणि तिने ग्रंथ मिटला. "कालपासून मनात येतंय, काहीतरी चांगलं बनवून वाचावं. तुम्हाला कळलंही नसतं."

"मग वाचलं का नाहीस?"

"मग तुम्ही देवाच्या भरवशावर नाही, माझ्या थापेवर शस्त्रक्रियेला गेला असतात. आई, हे तुम्ही रोज उघडता, पण वाचत नाही. सुई लागली तेवढंच बघता."

बाईंनी मला खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मला भीती वाटते गं. मी सांगितलं म्हणून हे गेले."

"बाबांना तुम्ही मायेनेच सांगितलंत. देवाला ते ठाऊक आहे. आणि भीती वाटू दे की. भ्यालेल्या माणसाचा हात प्रभू सोडतो, असं कुठे वाचलंत?"

बाईंनी हात जोडले. "प्रभू, डॉक्टरांचं म्हणणं मला पटतंय. मी जाते, तू सांभाळ." एवढीच प्रार्थना. भीती होतीच, तरी पिशवी उचलून त्या गेल्या.

डावा डोळा वाचला. उजव्यासाठी उशीर झाला होता. मित्रांनो, ते तीन आठवडे मी पानांत होते. माझा दोष नाही हे समजतं, तरी मन खातं.

सुनेने माझ्या मापाची दुसरी सुई आणली. ती नवी कोरी आहे, फार चुरूचुरू बोलते. बाई एका डोळ्याने विणतात, टाका सुटला तर उसवून पुन्हा घालतात. ग्रंथही रोज उघडतो, पण सलग वाचायला. तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी पडून असेल, तर तिला पुसून थोडी लोकर द्या. तुमचे निर्णय तेवढे तिच्यावर टाकू नका, ते ओझं तिला पेलत नाही.

परवा सुनेने विचारलं, "आई, गळा गोल करायचा की टोकदार?" सवयीने बाईंनी मला लोकरीतून ओढायला घेतलं, आणि त्या थांबल्या.

"गोल," त्या म्हणाल्या, आणि पुढचा टाका घातला.