बरगडीवरचा डाग

हे-रिमनं निळ्या पाण्यातून जेलीचा पातळ पापुद्रा अलगद उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. निळ्या रंगात दोन पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या.

"छान रंगवलंस की," आई म्हणाली. गावाहून पहिल्या बसनं आलेली मालसून, प्रयोगशाळेच्या ढगळ सपाता पायांत अडकवून स्टुलावर बसली होती. "मध्येच रंग का नाही धरला?"

"तिथलं खाल्लं गेलंय, आई. कॅन्सरच्या पेशी एक एन्झाइम सोडतात. ते प्रथिनं खातं, भोवतालची भिंत कुरतडतं आणि पेशीला वाट करून देतं. डाग दिसला की समजायचं, इथं कुरतडलंय."

"आणि वाट काढून जातात कुठं मेल्या?"

हे-रिमनं पापुद्रा पाण्यात सोडला. "जातात कुठंकुठं."

हाडांत जातात, हे तिनं सांगितलं नाही. स्तनातल्या गाठीपासून हाडापर्यंतची तीच वाट शोधण्यात तिची सारी उमेदीची वर्षं गेली होती. आईची गाठ काढून काही वर्षं झाली होती. पण हल्ली फोनवर आई शिंकली, की मागोमाग कण्हायची.

आईच्या हाडांच्या स्कॅनचा निकाल ऐकायला दोघी रस्ता ओलांडून हॉस्पिटलात गेल्या. डॉक्टर प्योंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. आईचा सबंध सांगाडा धुक्यात उभा असावा तसा करडा दिसत होता, आणि डाव्या बरगडीवर एक काळा डाग होता.

हे-रिमनं आईची बाही घट्ट धरली.

"कुरतडलंय," ती पुटपुटली.

"संशोधकबाई, तुमच्या जेलीचा न्याय इथं नका लावू," डॉक्टर म्हणाले. "हाड जिथं नव्यानं बांधलं जातं, तिथं स्कॅनआधी टोचलेलं औषध साठतं, नि डाग काळा दिसतो. आजारातही साठतं, म्हणून तर सीटी काढला. ही बघा चीर. बरगडी मोडली होती, आता भरत आलीय. बाकी हाडं स्वच्छ आहेत."

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण रोज डागात खाल्लेलंच शोधणारे डोळे. त्यांना बांधलेलं दिसेना.

"आई, कुठं पडलात?" डॉक्टरांनी विचारलं.

मालसूननं पर्सची कडी उघडली, लावली. "पडले नाही."

"मग?"

"उतरले. जरा बाजूला."

नव्या वर्षाच्या सणाला गावच्या बायकांनी पेंढ्याच्या भाऱ्यावर लांब फळी टाकली होती. फळीच्या दोन टोकांवर दोघी उभ्या; एकीनं टाच आपटायची, दुसरीनं उडायचं. बाकीच्या भोवती उभ्या राहून गात होत्या:

तू आपट गं टाच, मी गाठते आभाळ,
भिंतीपल्याड दिसू दे माझ्या माहेराचा माळ.

"साठी उलटलीय तुझी," हे-रिम म्हणाली.

"म्हणून तर. आणि समोरच्या टोकाला आपली चोमरे. तिचा देह तुला ठाऊक आहे. तिनं टाच आपटली, नि मी कौलांच्या वर."

हे-रिमचे खांदे हलायला लागले. डॉक्टरांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. मग ती हसतेय हे पाहून त्यांनीच एक घेऊन चष्मा पुसला.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू ओरडली असतीस. त्यापेक्षा मशीनखाली निजणं सोपं वाटलं."

"इतके दिवस मी..." हे-रिम थांबली. "तुला भीती नाही वाटली?"

"मला कसली? मी कुठं उतरले ते मला ठाऊक होतं की." मग लेकीच्या चेहऱ्याकडे पाहून मालसूनचा हात वर गेला. तिनं लेकीच्या कपाळावरचे केस मागं सारले. "चुकलंच माझं, पोरी."

"आता त्या फळीवर पाय ठेवायचा नाही."

"बरं."

लिफ्टपाशी गर्दी होती. दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आईनं खालच्या आवाजात विषय पुन्हा काढला.

"चोमरे फार जड गं. तुझ्यासारखं हलकं कुणी समोर असतं, तर नीट उतरले असते."

हे-रिमनं नाही म्हणायला तोंड उघडलं. लिफ्ट आली, भरली, निघून गेली.

"हाड भरू दे आधी," ती म्हणाली.